दुसरा ओ

"मुकीले मी टोळीत घेनार नाई, परभा. तू दहादा इच्यार, नाई त नाई."

कोकिळाबाईनं हे प्रभावतीच्या दारात उभ्या उभ्या सांगितलं. बसायला नको म्हणाली, चहाला नको म्हणाली, आणि मग बसून चहा घेतला. टोळीची मुकादमीण ती. कोणत्या बाईनं कोणाच्या वावरात कापूस वेचायला जायचं, ऑटोत कोण आत बसायचं आणि कोणाचे पाय बाहेर लोंबायचे, हे तिच्या शब्दावर चालायचं.

"मुकी नका म्हनू, कोकिळाबाई. साधना नाव हाय तिचं."

"नाव साधना ठेव का सरस्वती ठेव, आयकू येते का तिले?"

साधना चुलीपुढं भाकरी थापत होती. तिची पाठ दाराकडं होती. पाठ फिरवली की तिच्यापुरतं घर बंद व्हायचं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

उन्हाळ्यात ती यवतमाळच्या निवासी शाळेतून कायमची घरी आली. लहानपणी तिला तिथं सोडून येताना प्रभावती एसटीत मारेगाव येईस्तोवर रडली होती. आणताना बाईंनी हातात कागद दिले आणि म्हणाल्या, "आमचं काम झालं. मुलगी सज्ञान झाली, बारावी पास झाली. पुढचं आता तुम्ही बघायचं." पुढचं म्हणजे काय, हे बाईंनी सांगितलं नाही आणि प्रभावतीला विचारायचं सुचलं नाही. एक पेटी, शिवणाचं प्रमाणपत्र, एक मोबाइल आणि घरातल्या कोणालाच येत नाही अशी एक अख्खी भाषा घेऊन पोरगी परत आली.

संध्याकाळी मोबाइलवर शाळेतल्या मैत्रिणी दिसल्या की तिचे हात असे चालायचे की बघणाऱ्याचे डोळे दमावेत. ती हसायची, रुसायची, एखादीला झापायची. फोन बंद केला की दगड. घराला तिच्याशी जेव, पाणी दे, शेळी बांध, इकडं ये, एवढंच बोलता यायचं. शेळीशी आपण याच्याहून जास्त बोलतो, असं एकदा प्रभावतीच्या मनात आलं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

शिवण करून पाहिलं. पण मुकीला माप कसं सांगावं म्हणून बाया येईनात. टोळीतल्या पुष्पानं तेवढा एक ब्लाउज दिला. तो काखेत दाटला, आणि पुढचे आठ दिवस पुष्पा भेटेल त्याला हात वर करून काख दाखवत गावभर फिरली.

"वाघाचं मालूम हाय ना तुले?" कोकिळाबाईनं कप खाली ठेवला. "आमी बोंबलून बोंबलून काम करून राह्यलो. हिचा ओ कोन देईन? वाघ देईन?"

वाघ होता. दिवाळीच्या आधी त्यानं नाल्यावर एक गोऱ्हा मारला होता. जंगलखात्याची माणसं येऊन सांगून गेली होती, एकट्यानं वावरात जाऊ नका, आवाज करत राहा. तेव्हापासून कोकिळाबाईनं टोळीला हाळीची रीत लावली. थोडा वेळ गेला की ती धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, "होऽऽय" अशी हाळी द्यायची आणि बायांनी ओळीनं, आपापल्या तासातून, म्हणजे झाडांच्या दोन रांगांमधल्या पट्ट्यातून, एकेक ओ द्यायचा. कापसाची पऱ्हाटी डोक्याला लागलेली, शेजारची बाई दिसायची नाही, पण तिचा ओ ऐकू यायचा. ज्या तासातून ओ आला नाही तिकडं सगळ्यांनी काम टाकून धावायचं.

"मी देतो ना तिचा ओ," प्रभावती म्हणाली. "एक माहा, एक तिचा. ते माह्या बाजूच्या तासात रायीन. नजरेपुढं."

"असं रायते का कुठं? उद्या म्हनशीन तिचं लगनबी मीच करतो."

लग्नाचं नाव निघालं आणि प्रभावतीचं तोंड उतरलं. ते दुखणं कोकिळाबाईलाही माहीत होतं. तिच्या नवऱ्याच्या, देवरावच्या, नेरच्या बहिणीनं साधनाला स्थळ आणलं होतं. माणूस चाळिशीचा, बायको सोडून गेलेली. "मुकी हाय त उलट बरं," असा त्याचा निरोप होता, "पहिली लय तोंडाची होती." देवराव वाईट माणूस नव्हता. जिनिंगवर गाठी उचलून कंबर गेलेली, घरी शेळ्या राखायचा, आणि एकच वाक्य धरून बसायचा, "आपन हाओ तवर ठीक. मंग कोन?" त्यावर प्रभावतीचंही एकच उत्तर होतं. पोरगी आपल्या हातानं कमवायला लागली तर तिला कोणी नेरला धाडू शकत नाही. संक्रांत झाली की पाहुणे येणार होते. टोळीत टिकली तर साधना घरची, नाही तर नेरची.

कोकिळाबाईनं चुलीकडं पाहिलं. कापूस फुटून पांढरा पडला होता आणि बाया मिळत नव्हत्या.

"पाहू चार दिवस. पन काई झालं त माह्या दारात रडाले येऊ नको."

टोळी रामरावकडं वेचणीला लागली होती, त्याचं वावर नाल्याच्या अंगाला होतं. सकाळी दंव असायचं. लुगड्याचा काठ भिजून पोटऱ्यांना चिकटायचा आणि बोंडाच्या वाळल्या नख्या ओल्या बोटांत जास्तच घुसायच्या. साधनानं पहिल्याच दिवशी दहाही बोटं रक्ताळून घेतली. वेचताना ती वरचं वेचायची आणि खालच्या फांद्या तशाच सोडायची. रामराव मागून येऊन काठीनं त्या फांद्या हलवायचा. "हे कोनासाठी ठेवलं? वाघासाठी?" तिला ते ऐकू यायचं नाही, म्हणून तो तेच प्रभावतीला सांगायचा, दुप्पट आवाजात.

हाळी आली की धुऱ्याकडून ओ यायला लागायचे. एक जाडा, एक घोगरा, एक पान खाल्लेला. मग पुष्पाचा, नाकातून. मग प्रभावती आपला ओ द्यायची, आणि लगेच दुसरा. दुसरा ती जरा बारीक काढायची, लेकीच्या वयाचा. पहिल्या दिवशी बाया पोट धरून हसल्या.

"परभाचा डबलबॅरल!"

"दुसरा जरा गोड काढ वं, वाघ पाहुना म्हनून येईन!"

प्रभावती हसण्यावारी न्यायची. पण दोन-चार दिवसांत तिला तो दुसरा ओ आवडायला लागला. साधनाला आवाज असता तर असाच असता, असं धरून ती तो लावायची. सकाळी थोडा झोपाळलेला, दुपारी उन्हानं वैतागलेला. एकदा तर तिनं त्यात जरा लाडिक हेल घातला आणि स्वतःच लाजली.

साधनाला बोलवायचं झालं की हाक उपयोगाची नाही. म्हणून बाया ढेकूळ मारायच्या. पाणी आलं, ढेकूळ. गाठोडं उचल, ढेकूळ. उगाच, गंमत म्हणून, ढेकूळ. सगळ्यांत पक्का नेम पुष्पाचा. दोन तासांच्या फटीतून ती बरोबर खांद्यांच्या मधोमध हाणायची. साधनानं एकदा उलटून भिरकावलं, ते पुष्पाला न लागता कोकिळाबाईच्या वरणात पडलं.

प्रभावती कंबर कसून उभी राहिली. "ढेकलं मारता माह्या पोरीले? कुत्री हाय का ते?"

"मंग घंटी बांध तिच्या गयात," पुष्पा म्हणाली. "आमी काय हात जोडून तिच्या समोर जाव का दरवेळी?"

"माय मेली का तुमची! मले सांगा, मी सांगतो तिले."

"तूच ओ देतं, तूच सांगतं. मंग तिले आनतं कायले? तूच वेच दोघींचा."

साधना दोघींच्या तोंडांकडं आळीपाळीनं पाहत होती. तिनं आईचा दंड धरून तिला मागं ओढलं. प्रभावतीला वाटलं, पोरगी घाबरली. पण तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. ती आईवरच चिडली होती, आणि हे प्रभावतीच्या ध्यानात यायला अजून अवकाश होता.

एका दुपारी डबे खाताना रामरावच्या फटफटीखाली त्याचंच धोतर आलं आणि तो एका पायावर नाचला. बाया पदराआड हसल्या. साधना मोकळी हसली. ते हसू घशातून खरवडून आल्यासारखं होतं, वर चढणारं, मध्येच तुटणारं. सगळ्या तिच्याकडं वळल्या. मग पुष्पानं तेच हसू हुबेहूब काढून दाखवलं आणि पुन्हा हशा पिकला. साधनाला तो ऐकू आला नाही, दिसला. तिनं तोंडावर हात ठेवला. उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि उठून तासात गेली. त्यानंतर टोळीत ती हसली नाही.

त्या संध्याकाळी घरी तिनं फोन लावला नाही. प्रभावती तिच्या बोटांना तेल लावत होती. साधनानं हात सोडवून घेतला, पाची बोटं चोचीसारखी जुळवली आणि आईच्या तोंडापुढं उघडली, मिटली. पुन्हा उघडली, मिटली. मग भुवया उडवल्या. दोनदा काहून?

प्रभावतीला आनंद झाला. पोरीनं आपणहून काही विचारलं होतं. तिनं आपल्या छातीवर हात ठेवला, हा एक. साधनाच्या छातीवर ठेवला, हा दुसरा. पंजे उगारून वाघ केला, आणि हात हलवून, नाही, नाही, मी आहे ना.

 साधनानं अंगठा वर केला.

शाळेत अंगठा वर केला की छान. गावात तोच ठेंगा. प्रभावतीनं सोयीचा अर्थ घेतला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांना तेल लावायला घेतलं.

पुढं एक दिवस ढग आले. कापूस भिजला की काळा पडतो म्हणून रामराव सकाळपासून धुऱ्यावर येरझारा घालत होता. "हात चालवा माय हो, हात! तोंड घरी जाऊन चालवा." बाया खाली मान घालून वेचत होत्या. कमरेला बांधलेली ओटी कापसानं भरली की बाई भरल्या दिवसांची दिसते. ती गाठोड्यात रिकामी करायची, पुन्हा वाकायचं. प्रभावतीची कंबर धरली होती. हाळी आली, तिनं दोन ओ दिले. पुन्हा आली, दोन दिले. वाकल्या वाकल्या, मान न उचलता, एकामागून एक.

पुष्पा पाण्याला निघाली होती. साधनाच्या तासात पाय टाकून ती थांबली.

"अवं परभा, मुकी कुठी हाय?"

"इथंच त हाय."

"इथं त तिची ओढनीच हाय."

ओढणी पऱ्हाटीला अडकवलेली होती. खाली ओटी सोडून ठेवलेली, अर्धी भरलेली. पुढचा सगळा तास न वेचता तसाच पांढरा.

कोकिळाबाई धावत आली. "कवापासून नाई? अवं आत्ता त ओ देल्ला तू! तिचाबी देल्ला!"

"देल्ला."

"पाहून देल्ला का?"

प्रभावतीनं तोंड उघडलं. त्यातून ना पहिला आला, ना दुसरा.

मग वावरभर बोंब झाली. बायांनी डबे घेतले, झाकणं घेतली, विळे घेतले आणि वाजवत, ओरडत नाल्याकडं निघाल्या. एकमेकींच्या पदराला धरून. प्रभावती सगळ्यांच्या पुढं होती आणि "साधनाऽऽ, साधनाऽऽ" असं फुटक्या आवाजात ओरडत होती. बहिऱ्या पोरीला हाका मारते म्हणून त्या दिवशी कोणी हसलं नाही. नाल्याच्या ओल्या रेतीत पायाचे ठसे होते, पण ते डुकरांचे. रामराव फटफटीवरून उतरून ओरडत होता, "कोनं आनली मुकी माह्या वावरात? काई झालं त माह्या दारात पोलीस येतीन! कोकिळे, तुले पाह्यतो मी!"

ती पुष्पालाच दिसली. शेजारच्या तुरीच्या वावरात रात्रीच्या जागलीचं मचाण होतं, धुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. साधना त्यावर पाय लोंबकळत सोडून बसली होती. मांडीवर बोरं. त्या मचाणावरून रामरावचं सगळं वावर दिसायचं. कोण बाई कोणत्या तासात आहे तेही, आणि हाळीनंतर कोणाचं तोंड कितीदा उघडतं तेही.

प्रभावतीनं तिला पायाला धरून खाली ओढलं. बोरं मातीत सांडली. तिनं लेकीच्या कानाखाली अशी लगावली की तिचाच हात बधिर झाला.

साधना रडली नाही. गालाला हातही लावला नाही. तिनं सगळ्या बाया जमेपर्यंत वाट पाहिली. मग चोच केली आणि आईच्या तोंडापुढं उघडली, मिटली. उघडली, मिटली. दुसऱ्या चोचीवर आपल्या छातीला बोट लावलं. मग मान टाकली, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली आणि अंग ताठ करून मेली. मेल्या मेल्याच हात उचलून पुन्हा एकदा चोच उघडली, मिटली.

 तुरीच्या शेंगा वाऱ्यानं वाजत होत्या.

"थे म्हनते का," पुष्पा म्हणाली, "मी मेली तरी माही माय माहा ओ देत राईन."

"तुले कोनं इच्यारलं?" प्रभावती तिच्या अंगावर धावली.

"नाई सांगत मंग." पुष्पानं पदर खोचला. "पन तसंच म्हनून राह्यली."

कोकिळाबाईनं डब्याचं झाकण जमिनीवर आपटलं. "दोघीबी उद्यापासून घरी. मले बाकीच्याइचे जीव सांभायचे हायेत. तुह्या लाडापायी मी टोळी वाघाच्या तोंडी देऊ का?"

परतताना ऑटोत प्रभावतीला बाहेर पाय सोडून बसवलं. शेजारी साधना. दोघींचे पाय एकमेकींना लागत होते, आणि प्रत्येक खड्ड्याला दोघीही ते बाजूला घेत होत्या.

देवरावला घरी पोचायच्या आधीच कळलं होतं. त्यानं आरडाओरड केली नाही. शेळ्या बांधल्या, हात धुतले आणि फोन हातात घेतला. "बहिनीले सांगतो. संक्रांत कायले पाह्यजे, या रविवारीच या म्हनतो."

"अजी, थांबा ना जरा."

"थांबून काय होते? आज वाघ नव्हता म्हनून पोरगी घरी आली."

साधना बापाच्या फोनकडं पाहत होती, मग आईच्या चेहऱ्याकडं. प्रभावतीला वाटलं, हिला निदान सांगावं तरी. तिनं हातांनी गळ्यात हार घातला. डोक्यावर पदर घेतल्यासारखं केलं. स्टेअरिंग फिरवून एसटी केली आणि लांब, दिवस मावळतो तिकडं, नेरकडं हात दाखवला.

साधना उठली. बापाच्या समोर गेली, आणि त्याच्या नाकापुढं अंगठा धरला. चांगला डावीकडं उजवीकडं हलवून.

हा अंगठा शाळेतला का गावातला, असा प्रश्न या वेळी कोणालाच पडला नाही. देवरावनं फोन खाली ठेवला. नंबर लावायचा राहिला तो राहिलाच.

सकाळी प्रभावतीला जाग आली तेव्हा चूल पेटून विझली होती आणि साधनाचं अंथरूण गुंडाळलेलं होतं. दाराशी चप्पल नव्हती. ती पदर सावरत रस्त्याकडं पळाली. आभाळ कालच्यापेक्षा काळं होतं.

ऑटो पिंपळाखाली उभा होता. साधना त्याच्या पुढं उभी होती. कमरेला ओटी घट्ट बांधलेली, एका हातात घरातला रिकामा तेलाचा डबा, दुसऱ्या हातात लाटणं. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

"परभा, घेऊन जाय इले," कोकिळाबाई म्हणाली. "सकाय सकाय तमाशा नको."

प्रभावतीनं तिचा हात धरला. साधनानं तो झटकला. ती वाकली, रस्त्यावर पडलेलं कापसाचं वाळकं बोंड उचललं आणि नेमकी पुष्पापुढं जाऊन ते तिच्या हातात ठेवलं. पुष्पा गोंधळली. साधना दहा पावलं लांब गेली, तिच्याकडं पाठ करून उभी राहिली आणि हात मागं नेऊन आपल्याच पाठीवर बोट ठेवलं. इथं.

"काय म्हनते हे?" कोकिळाबाईनं विचारलं.

"मार म्हनते," पुष्पा म्हणाली.

"मार मंग. तुले काय नवीन हाय का?"

पुष्पानं बोंड भिरकावलं. ते खांद्यांच्या मधोमध लागलं. साधनानं त्याच क्षणी लाटण्यानं डब्यावर हाणलं. असा दणका उठला की पिंपळावरचे कावळे उडाले आणि ऑटोतली एक म्हातारी "अगं माय वं" म्हणून उठली. साधनानं वळून बायांकडं पाहिलं. चोच केली, आपल्या तोंडापुढं धरली आणि उघडली. मग डब्याकडं बोट. हा माझा.

साऱ्या टोळीत नेम पुष्पाचाच पक्का, हे तिच्या पाठीला ठाऊक होतं.

"मीबी मारू शकतो की बोंड," प्रभावती पुढं होत म्हणाली. "माहाच तास बाजूले..."

"तू गप!" कोकिळाबाई आणि पुष्पा एकदम म्हणाल्या.

"आन लागलं नाई त?" कोकिळाबाई पुष्पाकडं वळली. "वावरात पराटी रायते. आडवं झाड आलं, नेम चुकला, त मी काय समजू?"

"लागन कसं नाई!" पुष्पाचा पारा चढला. "इतके दिस ढेकूळ मारून राह्यलो, एक त चुकलं का? पूस तिलेच!"

कोकिळाबाईनं आभाळाकडं पाहिलं. दोघी बाया लग्नाला गेल्या होत्या. रामरावचा फोन सकाळपासून दोनदा येऊन गेला होता. "आजचा दिवस," ती म्हणाली. "मंधात पुष्पा, एकीकून हे, एकीकून परभा. आन परभा, नीट आयक. तुह्या तोंडातून दुसरा ओ निंगाला त तिघीलेबी वावरातून हाकलीन."

"माहा काय गुना?" पुष्पा ओरडली.

"बस गाडीत."

वावरात दंव नव्हतं, ढगामुळं. हवा कोंडलेली. साधनानं डबा ओटीच्या नाड्याला बांधला होता, तो चालताना मांडीवर आपटत होता. ती खालच्या फांद्या आधी वेचत होती. प्रभावती मान वर करून फटीतून बघायची, पण मध्ये पुष्पा होती आणि पुष्पाचा देह काही फट ठेवणारा नव्हता. पाण्यापलीकडं बोलल्यासारखी पुष्पाची बडबड येत होती, "मलेच धंदा लावला. वेचू का बोंडं मारू? मजुरी देनार का कोनी याची?"

"होऽऽय!"

प्रभावतीचे हात थांबले. धुऱ्याकडून ओ निघाला. दुसरा. तिसरा. आता प्रभावती होती. तिनं आपला दिला. जाड, नेहमीचा. त्यामागून दुसरा घशात आपोआप येऊन बसला होता. तिनं पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.

पुष्पाचा ओ आला, नाकातून.

मग काही नाही.

पानांत काहीतरी सळसळलं आणि मातीत पडलं. बोंड चुकलं होतं. "हात्तिच्या माय..." पुष्पाची शिवी. वावर गप्प झालं. बारा जणींचे हात पऱ्हाटीत जसेच्या तसे. धुऱ्यावर कोकिळाबाईनं श्वास घेतलेला इथपर्यंत कळला, सगळ्यांना हाकारा करायला घेतलेला. प्रभावतीनं बोळ्यावर दात रोवले. तिच्या जिभेखाली तो बारीक ओ धडका मारत होता, सकाळचा, झोपाळलेला, लाडिक हेलाचा. डोळ्यांतून पाणी आलं तरी तिनं दात सोडले नाहीत.

पुष्पानं दुसरं बोंड तोडलं. ते हिरवं होतं, जड. तिनं ते लागायला हवं होतं त्याच्या दुपटीनं हाणलं. मानेवर बसल्याचा आवाज प्रभावतीपर्यंत आला.

पऱ्हाटी हलली. साधना वळली असावी, कारण पुष्पा ओरडली, "अवं मले काय शिव्या देतं! डबा वाजव, डबा!"

आणि डबा वाजला. एकदा, नीट, गरजेपेक्षा मोठा. नाल्याच्या पलीकडून त्याचा आवाज परत आला.

धुऱ्यावर कोकिळाबाईनं घेतलेला श्वास सोडला. "पुढं!" ती खेकसली. पुढच्या तासातून म्हातारीचा ओ आला, आणि हात पुन्हा चालू लागले.

प्रभावतीच्या तोंडात बोळा तसाच होता. त्याला कापसाची, घामाची आणि तेलाची चव होती. तिनं तो काढला नाही. ढग अजून फुटले नव्हते, आणि दुपारपर्यंत कोकिळाबाई कितीदा हाळी देईल याचा नेम नव्हता.